तक्ता तीनमधली तूळ

बाबांनी लाल पेनानं पहिलं पान उभं कापलं, दुसरं आडवं कापलं आणि तिसऱ्या पानाच्या मधोमध बोट आपटलं.

“बातमी इथं आहे.”

“बातमी नाहीये ती, बाबा. शोधनिबंध आहे.”

“असेना. काय शोधलंस ते पहिल्या ओळीत सांग की. वाचणाऱ्यानं काय दोन पानं तुझी प्रस्तावना चघळत बसायचं?”

मास्तरणीनं पानं ओढून घेतली. ती कॉलेजात पत्रकारिता शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण पडलेलं. बाबांची चौतीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली, दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा ते आधी सुधारायचे, मग गोळी घ्यायचे.

“आणि हे काय? ‘सदर अभ्यासातून असे सूचित होते की कदाचित असे म्हणता येऊ शकेल.’ अगं, म्हणायचंय की नाही म्हणायचंय?”

“असंच लिहितात तिथं.”

“पत्रकारितेबद्दलचं मासिक, आणि त्यात धड एक बातमी लिहू शकेल असा माणूस नाही?”

“त्रैमासिक,” मास्तरीण म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग आवाज चढायचा, मग दार आपटायचं. क्रम ठरलेला. घरातले कान बघूनच बाजूला व्हायचे.

आज दार आपटायला वेळ नव्हता. पाच वाजता त्रैमासिकाचं संकेतस्थळ बंद होणार होतं आणि घड्याळात सव्वातीन झाले होते. कॉलेजात ती चार वर्षं तात्पुरती होती. विभागप्रमुख गोड माणूस. गोड बोलूनच त्यांनी सांगितलेलं, “मान्यता असलेल्या नियतकालिकात एक निबंध दाखवा, जागा तुमची. नाहीतर सत्र संपल्यावर आपण छान चहा घेऊ.” गेल्या वर्षी एका सरांना असा छान चहा मिळाला होता. ते पुन्हा दिसले नाहीत.

निबंध पाठवायचा फॉर्म चौदा पानांचा होता. लग्न जमवतानासुद्धा लोक एवढं विचारत नाहीत. पहिल्यांदा फाइल परत आली, समास जास्त म्हणून. दुसऱ्यांदा परत आली, संदर्भांची यादी त्यांच्या पद्धतीची नाही म्हणून. तिसऱ्यांदा आलेलं वाक्य मास्तरणीनं दात ओठ खात मोठ्यानं वाचलं, “लेखकाची ओळख पटेल असे काहीही मजकुरात नसावे.”

आई वाळलेले कपडे घेऊन चालली होती. ती थांबली.

“म्हणजे नाव काढून टाकायचं? वर्षभर मरमर करून?”

“परीक्षकाला कळता कामा नये कोणी लिहिलंय. आणि आपल्याला कळत नाही परीक्षक कोण ते.”

“म्हणजे दोघांनी तोंड लपवून भांडायचं.”

“हो. तसंच.”

आईनं बाबांकडे बघितलं, मग टॉवेलची घडी घातली. “आपल्यात निदान समोरासमोर तरी असतं,” म्हणाली आणि आत गेली.

ती आत गेल्याची खात्री झाल्यावर बाबा वाकले आणि कुजबुजले, “माझं काही ओळखू येणारं नाही ना राहिलं त्यात?”

“तुम्ही माहितगार क्रमांक चार आहात. फक्त चार.”

“वय लिहिलंयस.”

“‘साठीच्या पुढे’ लिहिलंय. साठीच्या पुढे जग आहे, बाबा.”

गोष्ट अशी होती. मास्तरणीचा विषय होता, वर्तमानपत्रातलं रोजचं राशिभविष्य नक्की लिहितं कोण. त्यासाठी ती सात जुन्या डेस्कवाल्यांना भेटली. त्यातले पहिले तिघं म्हणाले, “आम्हाला काय विचारतेस? बापाला विचार.” बापाला विचारल्यावर बापाचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी त्यांनी कबूल केलं. पेपराचे ज्योतिषी एके दिवशी न सांगता नोकरी सोडून गेले होते. सगळ्या शहराचं भविष्य त्यांनी सांगितलं, आपण उद्या येणार नाही एवढंच सांगायचं राहिलं. भविष्याची जागा रिकामी, म्हणून पान छपाईला जायचं थांबलं होतं. वृत्तसंपादक बाबांना म्हणाले, “चार दिवस तू लिही.” त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. वर नाव ज्योतिषांचं, खाली हात बाबांचा.

बाबांची अट एकच होती. नाव येता कामा नये, आणि आईला तर मुळीच कळता कामा नये. कारण आई रोज सकाळी, चहाच्याही आधी, उभ्या उभ्या पेपर उघडायची आणि तूळ राशीवर बोट ठेवून भविष्य वाचायची. ओठ हलवत. मग पेपर मिटून कामाला लागायची. बाकीच्या बातम्या दुपारी.

म्हणून गेले सहा महिने घरात बापलेकीचं बोलणं जिन्यात नाहीतर गॅलरीत चालायचं. एकदा जेवायला हाक मारताना मास्तरणीच्या तोंडून निघून गेलं, “चार नंबर, पानं घेतलीत.” आईनं चार ताटं मांडली आणि कोण आलंय म्हणून दारापर्यंत जाऊन आली.

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी फाइल गेली. हिरवी खूण आली. मास्तरणीनं लॅपटॉप मिटला आणि त्यावर कपाळ टेकलं.

“आता?” बाबांनी विचारलं.

“आता वाट बघायची.”

“किती?”

“तीन महिने.”

“तीन महिने!” बाबा उठून उभे राहिले. “तीन महिन्यांत आम्ही नव्वद पेपर काढायचो.”

*

तीन महिने आणि अकरा दिवसांनी परीक्षकांची मतं आली.

पहिल्या परीक्षकानं लिहिलं होतं, “विषय रंजक. संदर्भ क्रमांक नऊमध्ये स्वल्पविराम हवा.” एवढंच. वर्षभराच्या मेहनतीला एक स्वल्पविराम.

दुसऱ्या परीक्षकानं तीन पानं लिहिली होती, आणि तो माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिडलेला होता. पण वाचलेलं होतं त्यानं. शब्दन् शब्द वाचलेला. खरा घाव दुसऱ्या पानावर होता.

“तक्ता क्रमांक तीन पाहावा. अकरा वर्षांतील प्रत्येक महिन्याचा पहिला आठवडा घेऊन लेखकाने अकरा हजार अठ्ठ्याऐंशी भविष्ये मोजली आहेत. त्यात ‘आराम’ हा सल्ला तूळ राशीला तीनशे बारा वेळा आणि उरलेल्या राशींना सरासरी एकाहत्तर वेळा मिळालेला दिसतो. भविष्य मनाला येईल तसे लिहिले जात होते, हा लेखकाचा दावा आहे. मनाला येईल तसे लिहिणारा एकाच राशीला सतत झोपवणार नाही. हा आकड्यांचा दोष आहे की मोजणाऱ्याचा? स्पष्टीकरण द्यावे, अन्यथा तक्ता वगळावा. तक्ता वगळल्यास हा निबंध म्हणजे सात निवृत्त माणसांच्या गप्पा उरतो.”

खाली संपादकांची ओळ होती. शुक्रवारपर्यंत उत्तर. स्पष्टीकरण माहितगाराकडून येणार असेल तर त्याचं लेखी निवेदन आणि त्यावर एका साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणजे स्वतः लेखक चालणार नाही. नावं फक्त संपादकांच्या कपाटात राहतील.

मास्तरणीला वाटलं आपलंच मोजायला चुकलं. तिनं रजा टाकली, वाचनालयात जाऊन बसली, पिवळ्या पडलेल्या गठ्ठ्यांवर तीन दिवस शिंकत पुन्हा मोजलं. तीनशे बारा. एकही इकडचा तिकडं नाही. नुसता आराम नव्हता. ‘गोड टाळा’ तुळेलाच. ‘जड वस्तू उचलू नका’ तुळेलाच. ‘पाहुण्यांना आज नाही म्हणा’ हे तर दुसऱ्या कुठल्या राशीला कधी आलंच नव्हतं.

घरी येऊन तिनं बाबांना जिन्यात गाठलं. कान आधीच लाल होते.

“तूळ. बोला.”

“काय तूळ?”

“बाबा, माझी नोकरी चाललीय. तूळ बोला.”

बाबा पायरीवर बसले. कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आईची रास.”

मास्तरीण खालच्या पायरीवर बसली.

“दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत उभी असायची ती. केसपेपर करायला. घरी आली की ओट्याशी उभी. मी म्हणायचो, बस जरा. माझं ऐकून बसेल ती? पण पेपरातलं ऐकायची. बोट ठेवून वाचायची. मग मी एकदा लिहिलं, ‘तूळ. पायांना आराम द्या.’”

“शहरातल्या सगळ्या तुळेच्या लोकांना?”

“त्यांचेही पाय पायच होते.”

“आणि गोड?”

“तिच्या रक्तात साखर निघाली ना तेव्हा. पाहुणे म्हणजे तुझी मावशी. आली की चार दिवस हलायची नाही, आणि आई राबायची.” ते जरा थांबले. “आमचे वृत्तसंपादकसुद्धा तुळेचे. माझं भविष्य वाचून दर सोमवारी रजा टाकायला लागले. त्यांचंही काम मीच करायचो.”

“आणि आई? ती आराम करायची?”

“करत असणार. मी ऑफिसात. बघायला कोण होतं?”

मास्तरणीनं पिशवीतून कोरा कागद काढला. मग म्हणाली, “हेच लिहून द्या. पाच ओळींत. सही करा.”

“छपाईची चूक होती म्हण.”

“तीनशे बारा वेळा?”

“मग तक्ता काढून टाक.”

“तक्ता काढला तर काय उरतं ते वाचलंत ना? गप्पा! ऐकीव छापायचं नाही, हे मला पहिल्यांदा कोणी शिकवलं? विद्यार्थ्यांना मी रोज तुमचं नाव सांगून सांगते ते!” आवाज चढला. शेजारचं दार किलकिलं झालं आणि मिटलं.

“हळू,” बाबा म्हणाले. “तुला कळत नाही. तिला वाटेल अकरा वर्षं फसवलं. ती फॉर्मवाली बाई आहे. जन्मतारीख लिहिली नाही म्हणून पोलिसाचा अर्ज परत केलाय तिनं. आणि मी घरात बसून तिला खोटे ग्रह दाखवत होतो.”

“मग मी काय करू? चहा घेऊ विभागप्रमुखांबरोबर?”

बाबा पुन्हा कठडा पुसायला लागले. मास्तरीण वर गेली. दार आपटलं. जिन्यातली खिडकी थरथरली.

गुरुवारी सकाळी तिच्या लॅपटॉपवर एक कागद ठेवलेला होता. पाच ओळी, स्वच्छ अक्षरात, एक खाडाखोड नाही. आणि बातमी पहिल्याच ओळीत होती. ‘मी अकरा वर्षे तूळ राशीचे भविष्य माझ्या पत्नीसाठी लिहिले.’

तिनं कागद दोनदा वाचला. बाबा खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

“साक्षीदार?” तिनं हळूच विचारलं.

“बघतो.”

बघणं सोपं नव्हतं. शेजारच्या काकांना सांगितलं तर दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. डेस्कवरच्या मित्रांना सांगितलं तर वृत्तसंपादकांपर्यंत गेलं असतं, आणि त्यांना अजून वाटत होतं की सोमवारच्या रजा ग्रहांनी मंजूर केल्या होत्या. बाबा एकदा खाली जाऊन आले. पुन्हा गेले. पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. दुपारी अडीच वाजता त्यांनी चष्मा पुसला, कागद उचलला आणि ते स्वयंपाकघरात गेले. मास्तरीण मागोमाग जाऊन दारात थांबली.

आई चहाची भांडी घासत होती.

“सही पाहिजे,” बाबा म्हणाले आणि कागद ओट्यावर ठेवला. कोरड्या बाजूला.

“कसली?”

“साक्षीदार म्हणून. हिच्या निबंधाला.”

आईनं हात पुसले. चष्मा लावला. मास्तरणीला ठाऊक होतं, आई वाचल्याशिवाय सही करत नाही. बाबांनाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक ते कागद ठेवल्यावर दोन पावलं मागं सरकले, पेशंट खिडकीपासून सरकतात तसे.

आईनं पहिली ओळ वाचली. मग चष्म्यावरून बाबांकडे बघितलं. मग दुसरी वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत. पाचही ओळी झाल्या. ती पुन्हा पहिलीवर आली. नळ थेंब थेंब गळत होता. तिनं तो घट्ट केला.

“ते सगळं तुम्ही लिहायचात?”

“हो.”

“नाव तर ज्योतिषांचं असायचं.”

“नाव त्यांचंच.”

आईनं फ्रिजवरचं निळं पेन घेतलं. बाबांनी डोळे मिटले. पेन कागदावरून एकदा आडवं गेलं, आणि आई म्हणाली, “ही माहिती चुकीची आहे. चुकीच्या माहितीखाली मी सही करत नसते.”

बाबांनी डोळे उघडले. तिसऱ्या ओळीतलं ‘पत्नीची रास तूळ असल्याने’ आईनं खोडलं होतं.

“माझी कुठं तूळ?”

“मग?”

“माझी मकर.”

“मग तू रोज तूळ का वाचायचीस?”

“तुमची तूळ म्हणून.”

बाबा हसले. जरा वेळानं हसणं थांबलं. “माझी मिथुन.”

“ती शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेल्या तारखेवरून. खरी तारीख तुमच्या आईनं मला सांगितलेली, जायच्या आधी. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. उगाच वयानं मोठा झालो म्हणून कुरकुरेल.” आईनं पेनाचं टोपण लावलं. “दिवसभर तुम्ही बाहेर. तुमचा दिवस कसा जाणार, ते सकाळी बघून ठेवायचे मी. त्याप्रमाणं सगळं करायचे.”

“काय करायचीस?”

“आता कसं आठवणार सगळं? ‘गोड टाळा’ आलं की तुमच्या चहातली साखर बंद.”

बाबांनी फळीवरच्या साखरेच्या डब्याकडे बघितलं. आठवत होतं त्यांना, दिसतच होतं. “मला वाटायचं घरातली साखर संपते.”

“तुमच्या त्या पत्ते खेळणाऱ्या मित्रांना दारातूनच परत पाठवायचे. पाहुण्यांना नाही म्हणा, यायचं ना.”

“ते तू पाठवायचीस?” बाबांचा आवाज बारीक झाला. “मला वाटायचं, ते मला टाळतात. मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं!”

“झोपलेत म्हणून सांगायचे.”

दारात मास्तरणीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. कान लाल होते, पण रागानं नव्हे. बाबांना मात्र एक विचारायचंच होतं. विचारू नये असं वाटत असताना त्यांनी विचारलं.

“आणि पायांना आराम?”

“त्या दिवशी तुमची बाहेरची कामं मी करायचे. दळण, भाजी, बिलं. तुम्ही संध्याकाळी आलात की सगळं झालेलं असायचं. कधी विचारलं नाहीत कोणी केलं ते.”

तीनशे बारा, आणि तेही फक्त महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले. उरलेले आठवडे कोणी मोजले नव्हते. बाबांनी स्टूल ओढलं. मास्तरणीला वाटलं ते बसणार. पण त्यांनी ते आईच्या पायाशी ठेवलं आणि आपण उभेच राहिले.

आईनं स्टुलाकडे बघितलं. बसली नाही. “एक वर्ष सारखं यायचं, ‘जोडीदाराचं ऐका’. तेपण तुम्हीच?”

“हो.”

“त्याच वर्षी मी ही खिडकी मोठी करून घेतली. म्हटलं, आत्ता ऐकतील.”

“ऐकलं की मी.”

“ऐकलंत,” आई म्हणाली. “म्हणून तर मला पेपर खरा वाटायचा.”

मास्तरीण एव्हाना लॅपटॉप घेऊन आली होती. “आई, मकर कधीच नाही वाचलीस?”

“कशाला? माझं काय व्हायचंय ते मला घरातच दिसायचं.”

“मकरेला मी काय लिहायचो?” बाबांनी घाबरत विचारलं.

मास्तरणीनं तक्ता तीन खाली सरकवला. “सगळ्यांत जास्त वेळा, ‘जबाबदाऱ्या वाढतील’.”

“बघा,” आई म्हणाली. “बरोबर यायचं.”

तिनं खोडलेल्या शब्दांवर बारीक अक्षरात ‘भविष्य लिहिणाऱ्याची रास तूळ’ लिहिलं, बाजूला आपली आद्याक्षरं घातली, खाली साक्षीदाराची सही केली, तारीख टाकली, वेळही टाकली. मग कागद बाबांच्या हातात न देता मास्तरणीच्या हातात दिला.

“आता अर्ज पूर्ण आहे,” ती म्हणाली आणि नळ सोडला.

*

मास्तरणीनं संपादकांना सगळं खरं कळवलं. माहितगार चार हे माझे वडील, साक्षीदार माझी आई, नियमात बसत नसेल तर तसं सांगा. स्पष्टीकरणासाठी शंभर शब्दांची जागा होती. तिचे अठ्ठ्याण्णव झाले होते. बाबांनी पेन उघडलं. तिनं या वेळी पानं ओढून घेतली नाहीत. तक्त्याखाली शेवटी दोनच वाक्यं गेली. ‘लिहिणाऱ्याच्या मनात एकच वाचक होता. तो वाचक दुसऱ्या कोणासाठी तरी वाचत होता.’

पुढच्या बुधवारी सकाळी संपादकांचा फोन आला. बाई होत्या, घाईत होत्या. मास्तरणीनं फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. समोर बाबा कप विसळत होते. आई शेंगा सोलत होती.

“स्वीकारलाय,” संपादकबाई म्हणाल्या. “नातं जाहीर केलंत, ते बरं केलंत. पुढच्या अंकात येईल. पत्र आजच पाठवते.”

मास्तरणीनं टेबलाची कड धरली. “थँक्यू. खूप थँक्यू.” तिला विभागप्रमुखांचा चेहरा दिसला, आणि त्यांच्या टेबलावरची चहाची किटली, थंड पडलेली.

“अजून एक होतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम संपादकाचा राहिला नाही. “हे नियमात नाही. पण दुसऱ्या परीक्षकांनी विचारलंय. मला दोनदा विचारलंय. त्या अकरा वर्षांत मीन राशीचं कोण लिहायचं? म्हणजे, तेसुद्धा कोणाला डोळ्यासमोर ठेवून लिहायचे का?”

मास्तरणीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी कप पालथा घातला.

“मीन शेवटची,” ते फोनकडे वाकून म्हणाले. “जाहिरात आली की आम्ही मजकूर खालनं कापायचो. मीन कापायला सोपी पडायची. एक ओळ उरायची. ‘दिवस सामान्य.’”

“रोज?”

“जाहिरात असेल तेव्हा.”

“जाहिरात कधी असायची?”

“रोज,” बाबा म्हणाले.

पलीकडे कागद खसखसले. “मग त्यांना काय कळवू मी?” बाईंनी विचारलं. “ते वाट बघतायत.”

आईचे हात शेंगांवर थांबले होते. “अकरा वर्षं सामान्य,” ती म्हणाली. “चिडका होणार नाहीतर काय.”

बाबांनी हात पुसले. टेबलावरचा एक जुना लिफाफा ओढून कोरी बाजू वर केली, खुर्ची घेतली आणि वर लिहिलं, ‘मीन’. खाली रेघ मारली. पेन हवेत राहिलं. चौतीस वर्षांत पान थांबलेलं असताना त्यांचं पेन असं कधी राहिलं नव्हतं. त्यांनी आईकडे बघितलं.

“काय लिहू?”

आईनं सोललेली शेंग वाटीत टाकली.

“आधी विचारा,” ती म्हणाली, “त्यांच्या घरी सकाळी पेपर कोण उघडतं.”